बरोबर ओळखला ना, साहेब?

महसूल खात्यातल्या नोकरीत माझे आयुष्य फेरफार नोंदी, टंचाईचे आराखडे आणि निवडणुकांची कामे यांतच गेले. परंतु नायब तहसीलदार हा कार्यकारी दंडाधिकारीही असतो, हे लोकांना सहसा ठाऊक नसते, आणि त्यामुळे वर्षातून एकदोनदा तपासी अंमलदाराचे पत्र माझ्या टेबलावर येई, की अमुक गुन्हा रजिस्टर नंबरमधील अटक आरोपीची ओळख परेड जिल्हा कारागृहात जाऊन घ्यावी. या कामाचे प्रशिक्षण म्हणून मला काही मिळाले नव्हते. आधीच्या अधिकाऱ्याने घेतलेल्या परेडच्या मेमोरँडमची, म्हणजे लेखी नोंदीची, एक झेरॉक्स मिळाली होती, तिच्यावर बेतून मी पहिले मेमोरँडम लिहिले, आणि पुढच्या सगळ्या परेडना तोच साचा वापरला. निवृत्तीपर्यंत अशा सतरा परेड मी घेतल्या. त्यांपैकी एक गेली काही वर्षे मनातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

ज्यांनी परेड पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आरोपीला इतर माणसांच्या रांगेत उभे करायचे आणि साक्षीदाराला त्यातून ओळखायला लावायचे, ही ओळख परेड. पोलिसांपुढे साक्षीदाराने केलेले विधान न्यायालयात पुरावा म्हणून फारसे चालत नाही, म्हणून ओळखण्याचे काम पोलिसांना बाहेर ठेवून दंडाधिकाऱ्यापुढे व्हावे, अशी मूळ कल्पना आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये त्याचे नियम आहेत. दोन प्रतिष्ठित पंच हवेत. एका आरोपीसोबत किमान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसे, हवेत. ते वयाने, बांध्याने आणि चेहरेपट्टीने आरोपीशी मिळतेजुळते हवेत. एका रांगेत शक्यतो दोनहून जास्त आरोपी नकोत. रांगेत कुठे उभे राहायचे ते आरोपीने ठरवायचे, हवे तर कपडे बदलायचे, आणि पोलिसांनी त्या जागेपासून पूर्ण दूर राहायचे. नियम वाचले तर शहाण्या माणसांनी केलेले आहेत असेच वाटते. प्रत्यक्षात डमी म्हणून कारागृहातलेच कच्चे कैदी मिळत, आणि त्यांतून आरोपीसारखे दिसणारे सहाजण निवडायला जेलर साहेबांकडे वेळ असतोच असे नसे. उंची जुळली की वर्ण जुळत नसे, वर्ण जुळला की वय जुळत नसे. एकदा तर सहापैकी चौघांना भरघोस दाढी आणि आरोपी सफाचट, असा प्रकार घडला, तेव्हा मात्र मी परेड थांबवून दुसरी माणसे मागवली होती.

मी सांगतो ती परेड एका शेतवस्तीवर पडलेल्या दरोड्याची होती. रात्री दीडच्या सुमारास पाचसहाजण घरात शिरले होते, नवऱ्याच्या डोक्यात काठी घातली होती आणि बाईच्या गळ्यातले दागिने ओढून काढले होते. ओट्यावर एक बल्ब चालू होता. घटनेनंतर बावन्न दिवसांनी एकजण अटकेत आला, आणि त्यानंतर आठवडाभराने मी परेड घेतली. आरोपी तोंडावर बुरखा घालून आणलेला होता, तो मी पंचांसमक्ष काढायला लावला. तुम्हाला कुणी साक्षीदाराला दाखवले आहे का, असे विचारल्यावर तो नाही म्हणाला. त्याने रांगेतली चौथी जागा घेतली. मग बाईंना आत बोलावले. त्यांनी रांगेसमोरून दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या आणि चौथ्या माणसासमोर त्या बराच वेळ थांबल्या, एकदा परत तिसऱ्याकडे गेल्या, आणि शेवटी चौथ्याच्या दंडाला हात लावून माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, “हाच असंल. बरोबर ओळखला ना, साहेब?”

मी मान हलवली. त्यांचा हात थरथरत होता, डोळ्यांत पाणी होते, आणि त्यांना त्या खोलीतून लवकर बाहेर काढावे एवढेच माझ्या मनात होते. मेमोरँडममध्ये मी लिहिले: “साक्षीदाराने रांगेतील क्रमांक चारच्या इसमास स्पर्श करून ओळखले.” तिसऱ्याकडे परत जाणे त्यात आले नाही. “असंल” हा शब्दही आला नाही. साच्यात त्यासाठी जागाच नव्हती.

निवृत्तीनंतर माझ्या भाचीने, ती मानसशास्त्र शिकवते, मला एका प्रयोगाची हकिकत वाचायला दिली. अमेरिकेतील गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड या दोघांनी तो 1998 साली प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना सुरक्षा कॅमेऱ्याची एक अंधुक चित्रफीत दाखवली, तिच्यातला माणूस बंदुकीने गुन्हा करणारा होता असे सांगितले, आणि मग काही छायाचित्रे पुढे ठेवून त्यातून त्याला निवडायला लावले. मेख अशी, की खरा माणूस त्या छायाचित्रांत नव्हताच. तरीही प्रत्येकाने कुणाला तरी निवडले, म्हणजे प्रत्येकजण चुकला. त्यानंतर काहीजणांना सहज सांगितले, की छान, तुम्ही बरोबर संशयितालाच ओळखले. काहीजणांना काहीच सांगितले नाही. पुढे सगळ्यांना प्रश्न विचारले. ज्यांना “बरोबर” असे सांगितले होते ते लोक, आपल्याला निवडतानाच पूर्ण खात्री होती, असे सांगू लागले. तेवढ्यावर थांबते तर समजण्यासारखे होते. पण गुन्हेगाराचा चेहरा आपल्याला नीट दिसला होता, आपण लक्ष देऊन पाहिले होते, ओळखायला वेळ लागला नाही, असेही ते म्हणू लागले. एका वाक्याने त्यांची आजची खात्री वाढली आणि त्याबरोबर कालची आठवणही बदलली, आणि ती बदलली आहे याचा त्यांना पत्ता नव्हता.

ते वाचून झाल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. भाचीला वाटले मला इंग्रजी जड गेले.

याच विषयातले जे प्रकरण जगभर सांगितले जाते ते अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील बर्लिंग्टन या गावचे आहे. 1984 च्या जुलैत तेथे जेनिफर टॉम्प्सन या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीवर तिच्या घरात शिरून बलात्कार झाला. अत्याचार चालू असतानाच तिने मनाशी ठरवले होते, की या माणसाचा चेहरा पाठ करायचा, जिवंत राहिलो तर याला ओळखायचे. यापेक्षा सावध, यापेक्षा प्रामाणिक साक्षीदार शोधून सापडायचा नाही. पोलिसांनी सहा छायाचित्रे पुढे ठेवली, तिने विचार करून त्यातले रोनाल्ड कॉटन याचे निवडले. काही दिवसांनी प्रत्यक्ष माणसांची रांग लावली, त्यातही तिने त्यालाच निवडले, आणि नंतर तिला सांगण्यात आले, की छायाचित्रांत तू निवडला होतास तोच हा माणूस. दोन्ही वेळा समोर होता असा एकटा कॉटनच होता, बाकीचे चेहरे नवे होते. त्यामुळे दुसऱ्या वेळी ती हल्लेखोराचा चेहरा ओळखत होती, की आठवड्यापूर्वी पाहिलेल्या छायाचित्राचा, हे तिलाही सांगता आले नसते. 1985 च्या जानेवारीत कॉटन दोषी ठरला. 1987 साली पुन्हा खटला चालला, तेव्हा त्याच तुरुंगातला बॉबी पूल नावाचा कैदी न्यायालयात समोर आणला गेला, कारण तो आपणच ते कृत्य केल्याच्या बढाया मारतो असे कानावर आले होते. जेनिफरने त्याच्याकडे पाहून सांगितले, की या माणसाला मी आयुष्यात कधी पाहिलेले नाही. 1995 साली डीएनए तपासणी झाली आणि गुन्हेगार पूल हाच निघाला. कॉटन साडेदहा वर्षांनी सुटला.

मला या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट कॉटनचे निरपराध असणे वाटत नाही. तसे अभागी जीव सगळीकडेच सापडतात. ज्या चेहऱ्याने तिचे आयुष्य उद्ध्वस्त केले तो काही हातांच्या अंतरावर प्रत्यक्ष बसलेला असताना तिला तो परका वाटला, हे मला विलक्षण वाटते. तीन वर्षांत कॉटनचा चेहरा मूळ चेहऱ्याच्या जागी जाऊन बसला होता. रात्री दचकून जागे होताना तिला दिसत होता तो कॉटन. पुढे ती त्याला भेटली, माफी मागितली, आणि दोघांनी मिळून ओळखण्याच्या पद्धती सुधाराव्यात यासाठी जाहीर काम केले, हेही सांगायला हवे.

स्मरणशक्ती म्हणजे कॅमेरा नव्हे, हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे, की ते ऐकून कुणाचे काही बदलत नाही. मला उदाहरणाने जास्त समजते. 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्या किती वेगात होत्या ते विचारले. काहींना विचारताना, गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता, असे विचारले, आणि काहींना, गाड्यांचा एकमेकींना स्पर्श झाला तेव्हा किती होता, असे. पहिल्या गटाचे सरासरी उत्तर ताशी 40 मैलांहून थोडे जास्त आले, दुसऱ्याचे 31.8. चित्रफिती त्याच होत्या. दुसऱ्या एका फेरीत आठवड्याने विचारले, फुटलेली काच दिसली का? काच फुटलेली नव्हतीच. पण चुराड्याचा प्रश्न ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जणांनी ती पाहिल्याचे सांगितले, तर साधी “धडक” म्हणून विचारलेल्या 50 पैकी 7 जणांनी. प्रश्नातला एक शब्द आठवणीत शिरतो आणि तिथलाच होऊन राहतो. आपल्याकडे पोलीस ठाण्यात जबाब घेताना किती वेळा प्रश्न विचारले जातात, कुणाच्या शब्दांत ते लिहिले जातात, आणि सहीपूर्वी ते साक्षीदाराला वाचून दाखवताना साक्षीदार पोलिसांचे शब्द आपल्या आठवणीत कसे ओढून घेतो, याची कल्पना जबाब वाचलेल्या कुणालाही येईल. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जबाबांत अडाणी शेतमजूर “सदर इसम मध्यम बांध्याचा, सावळ्या वर्णाचा” असे बोलत.

वेल्स यांचाच आणखी एक प्रयोग मला परेडच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. एका बनावट गुन्ह्याच्या साक्षीदारांना दोन गटांत विभागले. पहिल्या गटाला दाखवलेल्या छायाचित्रांत गुन्हेगार होता. 54 टक्के लोकांनी त्याला ओळखले आणि 21 टक्के लोकांनी यांत कुणीच नाही असे सांगितले. दुसऱ्या गटाला तीच छायाचित्रे दाखवली, फक्त गुन्हेगाराचे काढून टाकून. आठवणीवर विसंबून ओळखले जात असेल तर पहिल्या गटात ज्या 54 टक्क्यांनी त्याला ओळखले असते, त्यांच्यासारख्यांनी इथे “नाही” म्हणायला हवे होते. प्रत्यक्षात “कुणीच नाही” म्हणणाऱ्यांचे प्रमाण 21 वरून केवळ 32 टक्क्यांवर गेले. बाकीच्यांनी उरलेल्यांतून जो त्यातल्या त्यात जुळतो तो उचलला. रांगेसमोर उभा राहिलेला माणूस “हा तो आहे का” असे मनाला विचारत नाही, “यांतला कोण जास्त त्याच्यासारखा दिसतो” असे विचारतो, आणि त्याला स्वतःला हा फरक कळत नाही. आता माझ्या शेतवस्तीच्या परेडकडे पाहिले, की तिसऱ्या आणि चौथ्यामधली ती येरझार मला वेगळी दिसते. शिवाय पोलिसांनी बोलावले, तारीख दिली, कारागृहात आणले, साहेब समोर बसले, म्हणजे माणूस त्या रांगेत असणारच, असे कुठलाही साक्षीदार धरून चालतो. “तो यांत असेल किंवा नसेलही” हे वाक्य मी सतरापैकी एकाही परेडमध्ये उच्चारले नाही. साच्यात ते नव्हते, आणि सुचलेही नाही.

भीतीने चेहरा मनावर कोरला जातो, असे आपण म्हणतो. घटना कोरली जाते, हे खरे. चेहऱ्याबद्दल मात्र पुरावा उलटा आहे. अमेरिकेच्या सैन्यात युद्धकैदी झाल्यावर कसे टिकायचे याचे प्रशिक्षण घेणाऱ्या पाचशेहून अधिक जणांवर 2004 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ज्यांची चौकशी मारहाणीच्या धाकाने झाली त्यांना, सौम्य चौकशी झालेल्यांपेक्षा, आपला चौकशी करणारा अधिकारी एका दिवसाने ओळखणे कितीतरी जास्त अवघड गेले. ही कसलेली, निरोगी माणसे होती आणि समोरचा चेहरा त्यांनी उजेडात अर्धा तासाहून जास्त वेळ पाहिला होता. ओट्यावरच्या एका बल्बच्या प्रकाशात, नवऱ्याच्या डोक्यातून रक्त वाहत असताना, बाईने काय पाहिले असेल? हत्यार असले की नजर हत्यारावर खिळते, हेही आता प्रयोगांतून पुष्कळदा दिसून आले आहे.

हे सगळे लिहिताना मला एका गोष्टीची जाणीव ठेवायची आहे, की आपल्या न्यायालयांत येणाऱ्या बहुतेक खटल्यांत हा प्रश्न उद्भवतच नाही. मारणारा आणि मार खाणारा एकाच गावचे, एकाच भावकीचे असतात. तिथे ओळखण्यात चूक होत नाही, झालीच तर लबाडी होते. म्हणून आपली सारी व्यवस्था लबाडी पकडण्यासाठी घडली आहे. शिकवलेला साक्षीदार, फितूर साक्षीदार, वैरातून गोवलेला आरोपी, हे शब्द वकिलांच्या जिभेवर असतात, आणि उलटतपासणी हे हत्यार खोटे बोलणाऱ्यासाठीच आहे. प्रामाणिकपणे चुकणाऱ्या माणसावर ते चालत नाही. तो अडखळत नाही, घाम पुसत नाही, नजर चुकवत नाही, कारण तो खोटे बोलतच नाही. त्याला जितके टोचाल तितका तो ठाम होतो, आणि न्यायाधीश निकालपत्रात लिहितात, की साक्षीदाराची साक्ष उलटतपासणीत डळमळली नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. ओळख परेड 1872 च्या पुरावा अधिनियमाच्या कलम 9 खाली येत असे. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 7 खाली येते. सर्वोच्च न्यायालयाने मलखानसिंग विरुद्ध मध्य प्रदेश या 2003 च्या निकालात आणि इतरही अनेक निकालांत स्पष्ट केले आहे, की परेड हा सारभूत पुरावा नव्हे. सारभूत पुरावा म्हणजे न्यायालयात साक्ष देताना आरोपीला ओळखणे. परेड फक्त त्याला पुष्टी देते. कानन विरुद्ध केरळ या 1979 च्या निकालात न्यायालयाने असेही म्हटले होते, की साक्षीदाराला अनोळखी असलेल्या आरोपीची आधी परेड झाली नसेल तर न्यायालयातल्या ओळखण्याला किंमत देता येत नाही. पण पुढच्या निकालांत याला अपवाद होत गेले. कायदेपंडितांच्या तर्कात यात चूक नाही. शपथेवर, न्यायाधीशांसमोर, उलटतपासणीच्या कक्षेत जे घडते तेच पुरावा, हे तत्त्व मला समजते. परंतु स्मरणशक्तीच्या बाजूने पाहिले तर हा क्रम पूर्ण उलटा आहे. न्यायालयातली ओळख घटनेनंतर चार, सहा, कधी दहा वर्षांनी होते. आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेला माणूस कोण हे शाळकरी पोरगेही सांगेल. तेथे सहा डमी नसतात. आणि तोपर्यंत साक्षीदाराने त्याला परेडमध्ये पाहिलेले असते, कदाचित वर्तमानपत्रात पाहिलेले असते, मागच्या तारखांना न्यायालयाच्या आवारात बेड्यांत पाहिलेले असते. सर्वांत शिळ्या, सर्वांत हाताळलेल्या आठवणीला आपण सर्वांत वरचे आसन दिले आहे, आणि पहिल्या दिवसाच्या ताज्या आठवणीला तिची हुजरेगिरी करायला लावले आहे.

ती पहिली आठवण दुर्लक्षिली की काय होते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. 2003 च्या जूनमध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा पडला, पाचजण मारले गेले. वाचलेल्या एका साक्षीदाराने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या दफ्तरातील छायाचित्रांतून चौघांना ओळखले होते. ते चौघे वेगळेच होते. पुढे भटक्या समाजातील सहाजणांना पकडले गेले, त्यांची परेड झाली, न्यायालयात ते ओळखले गेले. 2006 साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेत बदलली, आणि 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. नंतर प्रकरण पुन्हा उघडले गेले, आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, ती पहिली ओळख दडपली गेल्याबद्दल तपास यंत्रणेवर ताशेरे ओढले, आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्याला सांगितले. अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो निकाल. फाशीच्या छायेत त्यांची वर्षे गेली, आणि कागद सुरुवातीपासून दफ्तरात होता.

11 जुलै 2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यातही मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी बारा आरोपींना निर्दोष ठरवताना ओळखण्याच्या पुराव्यावरच बोट ठेवले: आरोपींना टॅक्सीतून नेल्याचे सांगणाऱ्या टॅक्सीचालकांनी शंभरहून अधिक दिवसांनी चेहरे ओळखले हे विश्वासार्ह नाही, आणि परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीची मुदतच तेव्हा संपलेली होती. त्या निकालाला पूर्वदाखला धरू नये असे सर्वोच्च न्यायालयाने लगेच सांगितले, आणि राज्याचे अपील पुढे गेले आहे, म्हणून त्याच्या गुणदोषांत मी जात नाही. नेमणुकीच्या मुदतीचे वाचून मात्र मला हसू आले आणि ते लगेच विरले. आमच्यापैकी कुणी आपल्या अधिकारपत्राची तारीख कधी तपासत असे?

या सगळ्यावरून साक्षीदाराच्या आठवणीला काहीच किंमत नाही, असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले आहेत, आणि ते मला पटत नाहीत. जॉन विक्स्टेड आणि वेल्स यांनी 2017 साली सविस्तर मांडले आहे, की रांग न्याय्य असेल, कोण संशयित आहे हे परेड घेणाऱ्याला स्वतःला ठाऊक नसेल, साक्षीदाराला “तो नसेलही” असे आधी सांगितले असेल, तर त्या पहिल्याच वेळी साक्षीदार जी खात्री सांगतो ती बरीच विश्वासार्ह असते. तेव्हाची ठाम खात्री बहुधा खरी ठरते, तेव्हाची चाचपडती ओळख बहुधा घातक ठरते. म्हणजे अडचण आठवणीत कमी आणि आपण तिला केव्हा, कशी विचारतो यात जास्त आहे. रक्ताचा डाग गोळा करताना पोलीस हातमोजे घालतात; आठवण मात्र आम्ही उघड्या हातांनी उचलतो. इंग्लंडमध्ये आता बहुतेक परेड चित्रफितीवर होतात, संशयिताबरोबर किमान आठ इतर चेहरे असतात आणि हजारो चेहऱ्यांच्या संग्रहातून ते निवडता येतात. न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ज्युरीला या सर्व धोक्यांची माहिती देणे आवश्यक ठरवले. आपल्याकडे ध्वनिचित्रमुद्रण कायद्याने बंधनकारक आहे ते साक्षीदार दिव्यांग असेल तेव्हाच. इतर परेडचे मुद्रण का करू नये, याचे एकही कारण मला सुचत नाही. तहसील कार्यालयातल्या शिपायाच्या खिशातही आज कॅमेरा असतो. माझी त्या दिवशीची मान त्यात दिसली असती.

सगळ्यांत सोपी सुधारणा, म्हणजे परेड घेणाऱ्याला आरोपी कोण हे कळू न देणे, आपल्या पद्धतीत बसतच नाही, कारण बुरखा काढून आरोपीला विचारपूस करायची, त्याने जागा निवडायची, आणि त्या सर्वांची नोंद करायची, ही कामे आम्हालाच दिलेली आहेत. आरोपीच्या हिताचे म्हणून घातलेले हे नियम आहेत. ती कामे एका अधिकाऱ्याने करून साक्षीदारासमोर दुसऱ्याने बसावे, एवढे केले तरी पुरेल, असे मला वाटते. खर्च एका माणसाच्या अर्ध्या दिवसाचा.

त्या शेतवस्तीच्या खटल्यात मला साक्षीसाठी समन्स आले ते परेडनंतर चार वर्षांनी, तोवर माझी दोनदा बदली झाली होती. बाईंची साक्ष माझ्या आधी झाली होती. सरकारी वकिलांनी मला बाहेर व्हरांड्यात सांगितले, की बाई एकदम पक्क्या निघाल्या, पिंजऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, ह्याला मी हजारांत ओळखीन. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी मला पाऊण तास घेतले. डमींची नावे मेमोरँडममध्ये आहेत पण वये अंदाजे का लिहिली आहेत, पंच कुठल्या गावचे, त्यांतला एक पूर्वी दुसऱ्या परेडला पंच होता हे खरे आहे काय, पोलीस व्हॅन कारागृहाच्या फाटकापासून किती अंतरावर उभी होती, परेड सुरू झाल्याची वेळ अकरा पाच आणि संपल्याची अकरा तीस असताना मेमोरँडम अकरा तीसलाच लिहून पूर्ण कसे झाले. सगळी उत्तरे मी खरी दिली. ओळखल्यावर बाई तुम्हाला काय म्हणाल्या, आणि तुम्ही त्यांना काय म्हणालात, हे मला कुणीच विचारले नाही, न्यायाधीशांनीही नाही.

आरोपीला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याच्याकडून दागिन्यांपैकी एक मणी-मंगळसूत्राची वाटीही जप्त झाली होती, असे निकालपत्रात आहे, त्यामुळे तो खरोखरच त्या रात्री तिथे असण्याची शक्यता चांगली आहे, असे मी स्वतःला सांगत असतो. निकालपत्राची प्रत मी गेल्या वर्षी अर्ज करून मागवली. ओळख परेडवर त्यात दीड पान आहे. त्यात लिहिले आहे, की कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी परेड काळजीपूर्वक घेतल्याचे दिसून येते, आणि साक्षीदाराने आरोपीस क्षणाचाही विलंब न लावता ओळखले आहे.